बेसचा आवाज जातो कुठे?

या खेपेला बेस गिटार वाजवणाऱ्यांच्या पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा आलं आहे : ‘स्टेजवर मला माझाच बेस ऐकू येत नाही.’ ऑर्केस्ट्रात वाजवायला लागलो तेव्हा पहिली काही वर्षं मीही हेच म्हणायचो आणि दर वेळी आवाज वाढवणाऱ्या यंत्रावरचं, म्हणजे अ‍ॅम्पवरचं बेसचं (खालच्या सुरांचं) बटण आणखी उजवीकडे फिरवायचो. उत्तर मला आमच्या मिरजेतच, सतारमेकर गल्लीत सापडलं. एक कारागीर तंबोऱ्याची जवारी (तारेला भरदार झंकार देणारी घोडीची बसवणूक) लावत होता, मी शेजारी बसून होतो. तारा टेकतात त्या घोडीवर तारेखाली त्यानं सुताचा दोरा जरासा सरकवला आणि मुका खर्ज एकदम खोलीभर झाला. तार तीच, ताण तोच. खर्ज वाढला नव्हता, त्याच्या वरचे सूर उमलले होते. कान खर्ज ओळखतो तो बराचसा त्या वरच्या सुरांवरून. बेस गिटारचंही तसंच आहे, आणि खालची बरीच उत्तरं त्याच दोऱ्याला बांधलेली आहेत.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या बँडमध्ये दोन गिटार, ड्रम आणि मी बेसवर. सध्या गिटारवाल्या मित्राच्या २० वॉटच्या अ‍ॅम्पमधून वाजवतो. आवाज वाढवला की फाटतो. आता ४० वॉटचा बेस अ‍ॅम्प घेऊ, की पैसे साठवून १०० वॉटचा?
– बी.एस्सी.चा विद्यार्थी, लातूर

थांब आणि साठव. तोवर मित्राच्या अ‍ॅम्पवर मोठ्यानं वाजवू नकोस. घरी हळू आवाजात चालेल. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, तुझ्या बेसची सर्वांत जाड ई तार ४१ ला, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. इतका खालचा सूर मोठ्यानं काढायचा तर स्पीकरच्या कोनाला, म्हणजे हलणाऱ्या पडद्याला, खूप पुढं-मागं जावं लागतं. गिटारचा स्पीकर तेवढ्या हालचालीसाठी बनवलेला नसतो. तुला फाटल्यासारखं ऐकू येतं तेव्हा कधी अ‍ॅम्प दमलेला असतो, कधी कोन हद्दीबाहेर गेलेला असतो. कोन गेला तर मित्राला नवा स्पीकर घेऊन द्यावा लागेल.

आता वॉट. ४० च्या जागी १०० घेतले म्हणून आवाज अडीचपट होत नाही. वॉट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला वॉट साधारण दहापट लागतात. मग १०० कशाला? बोट तारेवरून सुटतं त्या क्षणी अ‍ॅम्पकडे एकदम मोठी मागणी येते. ड्रमशेजारी ४० वॉटचा अ‍ॅम्प तिथेच दमतो, १०० चा तो ठोका स्वच्छ झेलतो. माझ्या अनुभवात ड्रम असलेल्या बँडला १०० वॉट आणि १२ किंवा १५ इंची स्पीकर ही सुरुवात आहे. २०० असतील तर निर्धास्त वाजवता येतं. एकाच ८ इंची स्पीकरच्या पेटीवर मोठा आकडा छापलेला असेल तर मी तिकडे बघत नाही. खालच्या सुराला हवा हलवावी लागते आणि त्याला स्पीकरचं क्षेत्रफळ लागतं.

बेससाठी बनवलेला अ‍ॅम्पसुद्धा डोळे मिटून घेऊ नकोस. फेंडर या अमेरिकी कंपनीनं १९५१ मध्ये प्रिसिजन नावाचा बेस गिटार आणला आणि १९५२ मध्ये त्याच्या जोडीला बेसमन अ‍ॅम्प. पुढे त्या अ‍ॅम्पला १० इंची चार स्पीकर आणि मागून उघडी पेटी मिळाली, तेव्हा गिटारवाल्यांनीच तो उचलून धरला. उघड्या पेटीत स्पीकरच्या पुढून आणि मागून निघालेल्या लाटा खालच्या सुरांत एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून पेटी मागून बंद आहे ना, तेही बघ.

वापरलेला अ‍ॅम्प मिळत असेल तर जरूर बघ. दुकानात स्वतःचा बेस घेऊन जा, सगळी बटणं मधोमध ठेव, मित्राला वाजवायला सांग आणि स्वतः दहा-बारा फूट लांब उभा राहा. मोकळ्या ई तारेवर प्रत्येक ठोका सुटा कळायला हवा. नुसता धुरळा कळत असेल तर बेसचं बटण कमी करून मिडचं (मधल्या सुरांचं) थोडं वाढव. तरीही धुरळाच असेल तर तो अ‍ॅम्प तिथेच सोड.

प्रश्न : गणपतीत आमच्या ऑर्केस्ट्राचे गावोगाव कार्यक्रम असतात. जनरेटरवर गेलो की बेसमधून ‘घूंऽऽ’ सुरू होतं. साऊंडवाले म्हणतात, अ‍ॅम्पच्या प्लगची वरची मोठी पिन काढून टाका. काढली की आवाज खरंच जातो. कायमची काढून ठेवू का?
– बेस वादक, चिपळूण

नाही. काढलेली असेल तर हे वाचून झाल्यावर लगेच पुन्हा बसवा. हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही. एका गावात गणपतीपुढेच कार्यक्रम होता. पाऊस पडून गेलेला, स्टेजची फळी ओली आणि मूर्ती शेजारी असल्यानं आम्ही सगळे अनवाणी. कोरस द्यायला माइकजवळ गेलो, डावा हात तारांवर, ओठ माइकच्या जाळीला लागले आणि डोळ्यांपुढं पांढरं झालं. ढोलकीवाल्यानं बोर्डाची वायर ओढून काढली म्हणून मी आज हे लिहितो आहे. त्या दिवशी माझ्या अ‍ॅम्पची मोठी पिन तोडलेली होती.

कारण नीट समजून घ्या. तुमच्या बेसच्या तारा वायरीच्या जाळीतून अ‍ॅम्पच्या पत्र्याला आणि त्या मोठ्या पिनेतून जमिनीला जोडलेल्या असतात. माइक मिक्सरमधून (सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रातून) जमिनीला जोडलेला असतो. पिन तोडली आणि अ‍ॅम्पमध्ये कुठे गळती असली तर वीज तारांवर येऊन थांबते. मग माइकला ओठ लागले की जमिनीकडे जायचा रस्ता तुमच्या अंगातून जातो.

‘घूं’ येतं ते बहुतेक वेळा तुमचा अ‍ॅम्प आणि साऊंडवाल्यांचा मिक्सर वेगवेगळ्या ठिकाणांहून वीज आणि अर्थिंग घेतात म्हणून. दोन्ही एकमेकांना सिग्नलच्या वायरीनं जोडले की जमिनीला जाणारे दोन रस्ते होतात आणि त्या फेऱ्यात ५० हर्ट्झचा आवाज घुमतो. ई तारेवरचा तिसऱ्या पट्टीचा जी हा सूर ४९ हर्ट्झचा आहे. म्हणजे ही घरघर थेट तुमच्याच सुरांच्या घरात येऊन बसते आणि मिक्सरवरून ती काढायला गेलं तर सूरही जातो.

म्हणून मुळाशी जा. पहिलं, स्टेजवरच्या सगळ्या वाद्यांचे अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावरून चालवायला सांगा. रोषणाईच्या माळा आणि डिमर वेगळ्या लाइनवर. दुसरं, स्वतःचा डीआय बॉक्स घ्या. तो बेसचा सिग्नल लांब वायरीतून मिक्सरपर्यंत जाईल असा संतुलित, म्हणजे वाटेत घरघर न उचलणारा, करतो, आणि आत ट्रान्सफॉर्मर असेल तर दोन यंत्रांमधला विजेचा थेट धागाही तोडतो. त्याच्या कडेला ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचं छोटं बटण असतं. ते दाबा, घरघर जाते की नाही बघा. ते बटण फक्त सिग्नलच्या वायरीची जाळी सोडवतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. साऊंडवाल्यांना जे हवं आहे ते याच बटणानं मिळतं, जीव धोक्यात न घालता. बेसला बॅटरी नसेल तर अ‍ॅक्टिव्ह डीआय घ्या, बॅटरीवाला असेल तर साधा, वीज न लागणारा पॅसिव्ह पुरतो.

अ‍ॅम्पला स्वतःचा डीआय असेल तर त्यावरचं बटण ‘प्री’वर (बटणांच्या आधीच्या आवाजावर) ठेवा. मग स्टेजवर तुम्ही कोणतंही बटण फिरवलं तरी बाहेरच्या लोकांना जाणारा आवाज बदलत नाही, आणि साऊंडवाल्यांशी निम्मी भांडणं मिटतात.

कार्यक्रमाआधी एवढ्या गोष्टी करा. खिशात टेस्टर ठेवा आणि ओठ लावण्याआधी माइकच्या जाळीला आणि बेसच्या तारांनाही टेकवा. पेटला तर वाजवायला उभं राहू नका. आणि जिथे चपला काढाव्या लागतात तिथे पायाखाली कोरडी रबरी चटई टाका. मंडळाच्या कार्यकर्त्यांना बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायला सांगा. वीज गळायला लागली की तो क्षणात लाइन तोडतो. हे सांगायला संकोच करू नका. एवढी मूर्ती, एवढा मंडप उभा करणाऱ्यांना हा खर्च जड नसतो, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं एवढंच.

प्रश्न : आमच्या चर्चच्या गायनवृंदात मी बेस वाजवते. अ‍ॅम्प ६० वॉटचा, भिंतीजवळ कोपऱ्यात ठेवलेला. मला सूर कळत नाहीत, मागच्या बाकांवरचे म्हणतात नुसता घुमतो. मोठा अ‍ॅम्प घ्यावा का?
– गृहिणी, वसई

ताई, अ‍ॅम्प तोच ठेवा, जागा बदला. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून खालचे सूर फुगवतात. तुमच्या ई तारेची लाट हवेत साधारण सव्वाआठ मीटर लांब असते. उंच छताच्या, दगडी भिंतींच्या वास्तूत ती लवकर विरत नाही. त्यावर तुम्ही पुढचा सूर वाजवता आणि दोन्ही मिसळतात.

अ‍ॅम्प कोपऱ्यातून काढून मोकळ्यात आणा आणि मागे कलता ठेवा, पुढच्या कडेखाली विटेएवढा लाकडी ठोकळा पुरे. सूर ओळखायला मदत करणारे वरचे आवाज स्पीकरच्या समोर सरळ रेषेत जातात. अ‍ॅम्प जमिनीवर सरळ ठेवला तर ते गुडघ्यांना लागतात, कानांपर्यंत येत नाहीत. मग बेसचं बटण मध्याच्या थोडं खाली आणा.

उरलेलं काम बोटांचं. लांब सूर कमी करा, सूर संपला की डाव्या हातानं तार थांबवा. जुन्या फेंडर बेसमध्ये घोडीवरच्या झाकणाखाली फोमची पट्टी असायची, तार लवकर शांत व्हावी म्हणून. भांडी घासायच्या नव्या स्पंजची बोटभर पट्टी कापून घोडीजवळ तारांखाली सरकवा. एका रविवारी करून बघा आणि मागच्या बाकावर कोणालातरी मुद्दाम बसवा. मला वाटतं तुमचे पैसे वाचतील.

प्रश्न : माझ्या हेडवर (स्पीकर वेगळा जोडावा लागतो अशा अ‍ॅम्पवर) ‘किमान ४ ओहम’ लिहिलं आहे. ८ ओहमचे दोन कॅबिनेट (स्पीकरच्या पेट्या) आहेत. मित्राचा तिसरा जोडला तर चालेल?
– नागपूर

नाही. समांतर जोडलेले ८ ओहमचे दोन मिळून ४ होतात, तिथे तुमची हद्द संपली. तिसरा लावला की पावणेतीनच्याही खाली जाल आणि हेड तापून बंद पडेल किंवा जळेल. स्पीकरसाठी वायरही स्पीकरचीच वापरा; गिटारची वायर आतून बारीक असते, एवढा करंट तिला सोसत नाही. आणि कधी व्हॉल्व्हवाला (आत काचेच्या नळ्या असलेला) अ‍ॅम्प हातात आला तर स्पीकर जोडल्याशिवाय तो चालू करू नका, आतला ट्रान्सफॉर्मर जातो.

प्रश्न : माझ्या अ‍ॅक्टिव्ह बेसची ९ व्होल्टची बॅटरी पंधरा दिवसांत संपते. बेस खराब आहे का?
– सातारा

बहुधा नाही. वायरीची पिन बेसमध्ये खोचलेली असते तोपर्यंत बॅटरी चालूच राहते. वाजवून झालं की पिन काढून ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, बेस शिकते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. खालच्या आजोबांना त्रास होतो म्हणून ती हल्ली अ‍ॅम्प लावतच नाही, आणि न लावता तिला काही ऐकू येत नाही. काय करावं?
– एक आई, सोलापूर

आजोबांचा विचार करणारी मुलगी आहे, तिचा रियाज थांबता कामा नये. खालचे सूर हवेपेक्षा फरशीतून आणि भिंतीतून जास्त उतरतात. अ‍ॅम्प सरळ फरशीवर न ठेवता जाड फोमच्या गादीवर किंवा दोन-तीन घड्या केलेल्या सतरंजीवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. अ‍ॅम्पला बहुधा हेडफोनचं भोक असतं. त्यात हेडफोन लावला की बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये स्पीकर आपोआप बंद होतो. कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या, कानात खोचायच्या बऱ्याच लहान इअरफोनमध्ये खालच्या तारा नीट कळत नाहीत. आवाज मात्र कमी ठेवा. बेस कानाला टोचत नाही म्हणून मुलं तो नकळत वाढवत नेतात.

आणि लाइट गेले, हेडफोन सापडला नाही, असं झालं तर तिला सांगा : घरातलं लाकडी कपाट शोध. बेसच्या मानेचं टोक, जिथे खुंट्या असतात ते, कपाटाच्या दाराला हलकेच टेकव आणि वाजव. तंबोऱ्याला भोपळा असतो तसं ते दार तारेचं कंपन उचलतं आणि सगळं कपाट गाऊ लागतं. आजोबांना त्यातलं फार काही ऐकू जाणार नाही. ओरखडा पडू नये म्हणून मध्ये रुमालाची एकच घडी ठेवायची, जाड कापड नको.