सरावात येतं, स्पर्धेत का नाही?

“सरावात सगळं येतं हो मॅडम, स्पर्धेतच काय होतं कोण जाणे!” खेळाडूंची मानसिक तयारी करून घेताना हे वाक्य इतक्या पालकांकडून ऐकलंय की एक अनुभव लिहूनच टाकते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी पंधरा वर्षांची, इंदूरची. सहा वर्षं दोरीचा मल्लखांब. लागोपाठ दोन निवड स्पर्धांत पहिल्याच अढीत (पायांनी दोरीला घातलेल्या पकडीत) पाय सुटला. आई बोलत होती आणि ही नखं कुरतडत होती. मध्येच म्हणाली, “बीजिंग ऑलिंपिकला मिकेला शिफ्रिनपण शर्यतीतून बाहेर गेली होती.” शिफ्रिन म्हणजे अमेरिकेची स्कीपटू. स्कीइंगचे व्हिडिओ पोर रात्री बघायची, तेही नेमके पडण्याचे.

“पुढच्या महिन्यात काय झालं तिचं?” मी विचारलं.

तिला माहीत नव्हतं. मग मी सांगितलं. 2014 मध्ये अठराव्या वर्षी सोची ऑलिंपिकमध्ये स्लॅलमचं (उतारावर रोवलेल्या काठ्यांच्या गेटांमधून वळत जायच्या शर्यतीचं) सुवर्ण जिंकणारी शिफ्रिन 2022 ला बीजिंगमध्ये स्लॅलम आणि जायंट स्लॅलम (गेटं जास्त अंतरावर असलेली शर्यत), दोन्हींत सुरुवातीच्या गेटांतच बाहेर पडली. वैयक्तिक पदक एकही नाही. मार्चमध्ये मात्र वर्ल्ड कपचं एकूण विजेतेपद तिचंच, चौथ्यांदा. तिथे हिशेब हंगामभरातल्या सगळ्या शर्यतींचा असतो: पहिलीला 100 गुण, दुसरीला 80, तिसरीला 60, असं उतरत सातवीला 36, तिसावीलाही 1. बाहेर गेली तर शून्य.

“उणे नाही?”

“नाही.”

“नक्की?” थोड्या वेळाने म्हणाली, “मी पडले की सहा वर्षं वजा झाली असं वाटतं.”

चार भेटींत जे हाती लागत नव्हतं ते हे. दीर्घ श्वास वगैरे मी नंतर शिकवते. आधी मनात ठाण मांडून बसलेलं वाक्य सापडावं लागतं. ‘घाबरू नकोस’ म्हटल्याने कुणाची भीती गेलेली मी अजून पाहिली नाही.

भीती शरीरात कुठे उतरते तेही बघावं. घाबरलेला स्कीअर मागे रेलतो, वजन स्कीच्या शेपटाकडे जातं, पुढची टोकं बर्फात रुतत नाहीत आणि वळण उशिरा येतं. हिचा सगळा जोर हातांत जायचा. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांतली दोरीची पकड ढिली पडायची.

मग दर शनिवारी खोटी स्पर्धा ठेवली. स्पर्धेचाच पोशाख, आधी वीस मिनिटं नुसतं बसणं (अंग थंड पडतं, खरी गडबड तिथेच होते), नाव पुकारल्यावर एकच प्रयत्न. पडली तरी पुन्हा नाही. वर्ल्ड कपच्या तक्त्याने वहीत गुण. चढण्यापूर्वी डोळे मिटून फक्त पहिल्या तीन पकडी हातांनी करून बघायच्या; स्कीअर शर्यतीआधी गेटं अशीच हातांनी घोकतात. पूर्ण संच (स्पर्धेत सलग करायच्या सगळ्या कसरती) आठवायला गेलं की मन निकालावर पोचतं.

आईचा प्रश्न होता, यंदा स्पर्धाच सोडू का? नोव्हेंबर 2024 च्या अपघातानंतर शिफ्रिनने फेब्रुवारी 2025 च्या जागतिक स्पर्धेत जायंट स्लॅलम सोडली, स्लॅलम सोडली नाही. त्याच महिन्यात वर्ल्ड कपमधला शंभरावा विजय मिळवला. आम्हीही धास्तीची एकच उडी तीन महिने बाजूला ठेवली. आईला काम एकच दिलं: परतताना गाडीवर नंबर विचारायचा नाही. सगळ्यात अवघड तेच गेलं.

पुढच्या निवडीत एकदा पाय सुटला, तिने पुन्हा अढी घातली आणि संच पुरा केला. सातवी आली. आईने त्या दिवशी विचारलं नाही. रात्री वही उघडून पाहिली. तारखेपुढे 36 लिहिलं होतं.