पर्जन्यमापकांच्या जाळ्यात आधी शून्य तपासा

जिल्हाभर दीडशे स्वयंचलित पर्जन्यमापक बसवताय आणि नोंदी तपासायला सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं, असं विचारलंय तुम्ही. कुठलंही चालेल, अगदी एक्सेलसुद्धा. पैसे राखून ठेवा ते भर पावसाळ्यात केंद्रावर जाऊन झाकण उघडणाऱ्या माणसासाठी.

कारण या कामात सगळ्यात फसवा आकडा म्हणजे ०. एका दिवसात ९०० मिमी दिसले की कुणीही दचकून फोन करतो. पण नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, पक्षी शिटले, की यंत्र गुपचूप ० पाठवत राहतं आणि किमान-कमाल मर्यादेच्या चाचणीत दर वेळी पास होतं. रोज बॅटरीचा व्होल्टेजही मागवा, म्हणजे यंत्र जिवंत आहे एवढं तरी कळेल. आणि नोंद आलीच नसेल तर तो रकाना रिकामा ठेवा, तिथे ० भरू देऊ नका. आपल्याकडे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. खोट्या शून्यापायी कुणाची तरी भरपाई अडते.

शेजारच्या केंद्रांशी तुलना कराच, पण तिच्या भरवशावर नोंद पुसू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, कुलाब्याला जेमतेम ७३. निव्वळ शेजार बघणाऱ्या चाचणीनं सांताक्रूझचा आकडा कचऱ्यात टाकला असता. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजारांच्या वर, खाली वाईला हजाराच्याही आत! त्यामुळे गट तालुक्याप्रमाणे न पाडता घाटमाथा, पायथा, पर्जन्यछाया असे पाडा. शंका आली तर बाजूला खूण, कुणी केली, का केली ते लिहा. मूळ आकड्याला हात लावायचा नाही.

केंद्रावरची चाचणी सोपी आहे. तोंड २०० चौ. सेंमीचं असेल तर १ मिमी म्हणजे २० मिली. दर ०.५ मिमीला कलंडून एक नोंद (टिप) देणाऱ्या बकेटमध्ये, म्हणजे यंत्रातल्या छोट्या डोलत्या भांड्यात, लिटरभर पाणी सावकाश सोडलं की १०० टिपा यायला हव्यात. घाईनं ओतलंत तर कमी येतील, आणि मुसळधार पावसात नेमकं तेच होतं. म्हणून काही केंद्रांवर हातानं मोजायचा साधा पर्जन्यमापकही शेजारी ठेवा.

तो सकाळी ८:३० लाच मोजा, हवामान खात्याचा पावसाचा दिवस तेव्हा बदलतो. तुमचा लॉगर, म्हणजे नोंदी साठवणारं उपकरण, दिवस मध्यरात्री बदलतो का, घड्याळ ग्रिनिचचं आहे का, हे कंत्राटदाराला पहिल्याच दिवशी विचारा. नाहीतर तारखाच जुळत नाहीत आणि लोक यंत्राला दोष देत बसतात.

जागेचे चारही दिशांनी फोटो दर वर्षी काढा. अडथळा त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा. काही वर्षांनी, एका केंद्राची साठत गेलेली बेरीज शेजारच्या केंद्रांच्या सरासरी बेरजेसमोर आलेखावर मांडा. रेषेचा उतार जिथे मोडतो त्या वर्षाचे फोटो उघडा: नवी खोली, वाढलेला शेवगा, नाहीतर कुणीतरी यंत्रच उचलून गच्चीवर नेलेलं.