पेस्ट कंट्रोल करूनही झुरळांची बारीक पिल्लं परत का दिसतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. औषध मारल्यावर काही दिवस शांतता असते आणि मग ओट्यावर पुन्हा बारीक पिल्लं फिरायला लागतात, ती येतात कुठून? आणि भांड्यांच्या ट्रॉलीत पांढरंफटक झुरळ दिसलं, ती वेगळी जात आहे का?

आधी एक घोळ निस्तरते. मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते. पुस्तकात जे झुरळ आहे ते पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. तांबूस, साडेतीन-चार सेंटीमीटर लांब, मोरीच्या जाळीतून आणि ड्रेनेजच्या चेंबरमधून वर येणारं, कधीतरी फडफडत अंगावर येऊन सगळं घर डोक्यावर घ्यायला लावणारं. ते शिकवताना कुणीतरी हमखास म्हणतं, मॅडम, आमच्याकडची तर एवढीशीच असतात. ती मोठ्यांची पिल्लं नव्हेत, जातच दुसरी, ब्लाटेला जर्मानिका. पूर्ण वाढ झाली तरी दीड सेंटीमीटरच्या आसपास. डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा दिसल्या की समजायचं हीच ती. पंख असतात, पण उडण्याच्या भानगडीत फारशी पडत नाही. तुमच्या वर्णनावरून ट्रॉलीत हीच मंडळी आहेत.

नाव जर्मन असलं तरी 2024 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ही जात सुमारे 2,100 वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात आशियाई झुरळापासून वेगळी झाली. म्हणजे माणसाच्या घरात राहायची चटक तिला आपल्याच भागात लागली म्हणायची. आता रानात ती सापडतच नाही.

आता पिल्लांचं. या जातीची मादी तीस-चाळीस अंडी एका तपकिरी डबीत भरते आणि ती डबी पोटाच्या टोकाला धरून तीन-चार आठवडे हिंडते. हिंडते म्हणण्यापेक्षा दडून बसते. या काळात ती खाते कमी, बाहेर पडते त्याहून कमी. फवारणीवाला येऊन गेला त्या दिवशी जी बाहेर होती ती मेली. फ्रिजच्या कॉम्प्रेसरमागे किंवा ट्रॉलीच्या पट्टीखाली डबी घेऊन बसलेली वाचली. डबीचं कवच असं की औषध आतल्या अंड्यांपर्यंत धड पोचत नाही. मादी मेली आणि अंडी पिकत आलेली असली, तर पिल्लं बाहेर पडू शकतात. म्हणून मेलेली झुरळं कोपऱ्यात तशीच ठेवू नका, गोळा करून पिशवीत बांधून टाका. डबीसकट.

मोठ्या झुरळाचं उलट. ती मादी डबी एक-दोन दिवसांतच एखाद्या कोपऱ्यात लाळेने चिकटवून मोकळी होते. त्यात साधारण सोळा अंडी. पिल्लाला मोठं व्हायला सहा महिन्यांपासून वर्षाहून जास्तही लागतं. छोट्या जातीची पिढी दोन-तीन महिन्यांत तयार, उकाड्यात आणखी लवकर, आणि एकेक मादी आयुष्यात चार ते आठ डब्या घालते. गुणाकार तुम्हीच करा.

पिल्लू कोषात वगैरे जात नाही. जन्मतःच झुरळासारखं, फक्त बिनपंखांचं, आणि सहा-सात वेळा कात टाकून मोठं होतं. कात टाकली की आतून निघतं ते मऊ, दुधासारखं पांढरं, डोळे तेवढे काळे. काही तासांत अंग कडक होतं आणि रंग चढतो. तुम्ही पाहिलेलं पांढरं झुरळ हेच. अशा नाजूक अवस्थेत ते सहसा आडोशातच राहतं, त्यामुळे ते उघड्यावर दिसणं म्हणजे आत गर्दी बरीच आहे असं मी धरेन.

त्यांना अंगाला दोन्हीकडून काहीतरी टेकलेलं लागतं, म्हणून फटी. बॅटरी घेऊन ट्रॉलीच्या बिजागऱ्या बघा. मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके दिसले तर ती त्यांची विष्ठा. तिच्या वासाने बाकीची तिथेच जमतात आणि नुकती जन्मलेली पिल्लं तीच खातात. किळसवाणं आहे, पण जेलचं औषध नेमकं याच वाटेने पसरतं. वाढ झालेलं झुरळ फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक घातलेलं जेल खातं, बिळात जाऊन मरतं, आणि त्याची विष्ठा किंवा मढं खाऊन पिल्लंही जातात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: स्वयंपाकघरात स्प्रे नको, जेल. स्प्रेमुळे वाचलेली झुरळं पांगतात, आणि सोसायटीत तर पाइपाच्या डक्टमधून शेजारच्या फ्लॅटमध्ये मुक्काम हलवतात. जेलचे बारीक ठिपके बिजागऱ्यांत, सिंकखाली, फ्रिज आणि मिक्सरच्या मागे, लहान मुलांचा आणि मांजराचा हात-तोंड पोचणार नाही अशा जागी लावा. तिथे वरून स्प्रे मारला तर जेलला कोणी तोंड लावणार नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा लावा, कारण तोवर दडलेल्या माद्या मोकळ्या होऊन भुकेल्या बाहेर येतात. जेल तसंच पडून राहिलं तर दुसऱ्या कंपनीचं आणा. ग्लुकोज कडू लागणारी झुरळं 1993 पासून माहीत आहेत, ती ग्लुकोज घातलेल्या जेलकडे बघतही नाहीत.

आणि पाणी तोडा. नुसत्या पाण्यावर मादी महिनाभर तग धरते, पाण्याशिवाय जेमतेम दोन आठवडे. रात्री सिंक कोरडं, फडकं पिळून वाळत, फ्रिजखालचा ट्रे रिकामा. भांडी घासायची राहिली तरी एकवेळ चालेल, पण ती पाण्यात बुडवून ठेवू नका.

मोरीतल्या मोठ्या झुरळांना यातलं फारसं लागू नाही. त्यांना बारीक जाळी आणि नीट बसणारं चेंबरचं झाकण. बाथरूमच्या खिडकीत बारकी काळी माशी दिसते का, चपटं पोट झेंड्यासारखं वरखाली हलवणारी? ती मारू नका. ती इव्हानिया नावाची, गांधीलमाशीच्या नात्यातली, माणसाला चावत नाही, आणि तिची अळी मोठ्या झुरळाच्या डबीतली अंडी खाऊनच वाढते.