जुने प्रोग्रॅम न मोडता सी लायब्ररीतल्या फंक्शनचं वागणं बदलता येतं का?

तुम्हाला फंक्शनचं वागणं बदलायचंय, सोबत स्ट्रक्चरमध्ये एक फील्डही वाढवायचंय, आणि आधीच कंपाइल झालेले प्रोग्रॅम तसेच चालायला हवेत. पहिल्याची सोय आहे. दुसऱ्यात मी स्वतः हात पोळून घेतलेत, म्हणून आधी तेच सांगतो.

माझ्या लायब्ररीत सेटिंग्जचं २४ बाइटचं स्ट्रक्चर होतं. त्यात ८ बाइटचं फील्ड जोडलं, तेही अगदी शेवटी. जुन्या फील्डच्या जागा हलल्या नाहीत म्हणजे झालं, असा माझा हिशेब. पण ते स्ट्रक्चर वापरणारा आपल्या स्टॅकवर ठेवायचा. जुन्या बायनरीने, म्हणजे आधीच कंपाइल झालेल्या प्रोग्रॅमने, जागा राखलेली २४ बाइटची, आणि माझं नवं इनिट फंक्शन मेमसेट करायचं, म्हणजे एकाच मूल्याने भरायचं, ३२ बाइट. वरचे ८ बाइट शेजारच्याचे! क्रॅश भलत्याच फंक्शनमध्ये व्हायचा आणि रीकंपाइल केलं की गायब. दोन दिवस गेले त्यात. तेव्हापासून हेडरमध्ये स्ट्रक्चरचं फक्त नाव देतो. आतली रचना सोर्स फाइलमध्ये, आणि ते तयार करायला नि सोडायला वेगळी फंक्शन्स. तुमचं स्ट्रक्चर आधीच उघडं बाहेर गेलं असेल तर त्याला हात लावू नका, नव्या नावाने दुसरं काढा.

आता वागणं. त्यासाठी जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) करते तेच करा: सिम्बॉल व्हर्जनिंग, म्हणजे एकाच नावाच्या फंक्शनच्या जुन्या नि नव्या आवृत्त्या वेगवेगळ्या व्हर्जनच्या शिक्क्याने एकाच लायब्ररीत ठेवणं. २०१० मध्ये तिथे मेमकॉपीची (मेमरीतला मजकूर एका जागेवरून दुसरीकडे उतरवणाऱ्या फंक्शनची) नवी, वेगवान आवृत्ती आली आणि फेडोरा १४ या लिनक्सवर फ्लॅश प्लेअरचा आवाज खरखरायला लागला. चूक खरं तर फ्लॅशची: एकमेकांवर येणारे बफर मेमकॉपीला द्यायचे नसतात, त्यासाठी मेममूव्ह आहे. पण वापरणाऱ्याला नियमावलीशी काय देणंघेणं? काल चालत होतं, आज चालत नाही, एवढंच त्याला दिसतं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सही फेडोराच्या बग रिपोर्टवर याच बाजूने भांडले होते. शेवटी जीलिबसी २.१४ मध्ये ६४ बिट इंटेलसाठी मेमकॉपीला नवं व्हर्जन दिलं. नव्याने लिंक होणाऱ्यांना ते मिळतं; जुन्या बायनरी २.२.५ चा शिक्का असलेलंच मागतात आणि त्यांना मेममूव्हसारखं सुरक्षित वागणारं फंक्शन मिळतं.

तुमच्याकडे हे करायचं तर व्हर्जन स्क्रिप्टमध्ये (लिंकरला द्यायच्या, व्हर्जनची नावं असलेल्या फाइलमध्ये) नवा नोड, म्हणजे नव्या व्हर्जनची नोंद, घाला, जुनं नि नवं अशी दोन्ही फंक्शन्स सोर्समध्ये ठेवा आणि सिमव्हर या असेंबलरच्या सूचनेने ती व्हर्जनशी जोडा: जुन्याच्या नावात एक @, डीफॉल्टच्या नावात दोन (@@). मात्र ही सोय एकाच दिशेची. नव्यावर लिंक केलेला प्रोग्रॅम जुन्या लायब्ररीवर चालेलच असं नाही.

सोनेम (प्रोग्रॅम ज्या नावाने लायब्ररी शोधतो ते, आवृत्तीचा आकडा असलेलं नाव) बदलणं अगदी शेवटचा उपाय. एकाच प्रोसेसमध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी डिपेंडन्सीतून दोन्ही आवृत्त्या लोड झाल्या की डीबग करताना नाकी नऊ येतात.

रिलीजआधी जुन्या नि नव्या लायब्ररीवर एबीआयडिफ चालवा; कंपाइल झालेल्या दोन लायब्रऱ्यांच्या इंटरफेसमधला फरक दाखवणारं ते टूल आहे. आणि मागच्या रिलीजच्या टेस्टच्या बायनरी जपून ठेवा, नव्या लायब्ररीवर त्याच चालवा. दरवेळी टेस्ट नव्या हेडरने कंपाइल केल्या तर माझ्या त्या २४ बाइटची चूक तुम्हाला कधीच दिसणार नाही.