रताळ्याचा पहिला वेल लावताय, तर एवढं ऐका

भाऊ, आपली तापीकाठची काळी जमीन कापसाला, केळीला झकास. रताळ्याला मात्र ती घट्ट पडते. पाणी धरून ठेवते, मग कंद वाकडे होतात, कुजतात. म्हणून सपाट वाफ्यात लावूच नका. माती, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून हातभर रुंद, वीतभर उंच वरंबा करा.

लागवड वेलाच्या शेंड्याकडच्या तुकड्यांची करायची. 20 ते 30 सेंटीमीटरचा तुकडा घ्या, मधले दोन-तीन डोळे मातीत दाबा. ऑक्टोबरात लावलंत तर महाशिवरात्रीपर्यंत घरचं रताळं हाती येतं. युरिया टाकायचा मोह आवरा. नुसता पाला माजतो, खाली बोटभर मुळ्या. माझं पहिलं वर्ष असंच वाया गेलं. आणि वेल पसरला की तीन-चार आठवड्यांनी उचलून पालटत जा, नाहीतर तो जागोजागी मुळं धरतो आणि मुख्य कंद पोसत नाही. जमीन भेगाळली की माती लावा, भेगेतूनच सोंड्या भुंगा आत शिरतो.

काढल्यावर लगेच खाऊ नका. धुऊही नका. आठ-दहा दिवस सावलीत हवेशीर ठेवा, गोडी वाढते.

मग चुलीतल्या गरम राखेत पुरून निवांत भाजा. मंद उष्णतेत स्टार्चची साखर व्हायला वेळ मिळतो. कुकरच्या घाईत ती चव येत नाही. साल फाटून कडेला काळपट पाक सुटला, की रताळं झालं. वरून तूप, चिमूटभर मीठ.