उतार उतरताना गुडघ्याची वाटी का दुखते?

प्रश्न : माझे वय ४१ असून मी बँकेत नोकरी करते. पावसाळा संपल्यापासून मैत्रिणींबरोबर उपवनहून येऊरचा चढ चढून जाऊ लागले. चढताना फारसे जाणवत नाही, पण उतरताना उजव्या गुडघ्याची वाटी आतून दुखते. स्टेशनच्या पुलाचा जिना उतरताना, तसेच बराच वेळ बसून उठतानाही तोच त्रास होतो. एक्स-रे नॉर्मल आहे, मात्र गुडघा कटकट वाजतो. घरचे म्हणतात, ‘वंगण संपले, आता चालणे बंद कर.’ काय करावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रत्यक्ष तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, तथापि उतरताना आणि बसून उठताना होणारा त्रास, तसेच नॉर्मल एक्स-रे पाहता हे दुखणे वाटी आणि मांडीचे हाड यांच्यामधल्या सांध्याचे असावे. गुडघा वाकतो तेव्हा वाटी हाडाच्या खोबणीत दाबली जाते. सपाट रस्त्यावर हा दाब माफक असतो, जिन्यावर तो शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट होतो, आणि उतारावर तर मांडीच्या पुढच्या स्नायूंना प्रत्येक पावलाला शरीर आवरून धरावे लागते. आपले स्नायू या कामाला तयार होण्याआधीच येऊरचा उतार रोजचा झाला, एवढाच याचा अर्थ दिसतो. न दुखता होणारी कटकट पुष्कळ निरोगी गुडघ्यांतही ऐकू येते. तिच्यावरून वंगण संपल्याचा निष्कर्ष काढू नये.

चालणे बंद करू नका. पूर्ण विश्रांतीने दुखणे तात्पुरते थांबते खरे, पण स्नायू आणखी दुबळे होतात आणि पुन्हा सुरुवात केली की त्रास परत येतो. काही आठवडे येऊरऐवजी कचराळी तलावाभोवती सपाटीवर चाला, उकिडवे बसणे टाळा आणि बँकेत अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाय मोकळे करा. खरा उपचार मात्र मांडीच्या आणि कमरेच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम हाच आहे. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचलावा. दुखणे थोडे निवळल्यावर घरातल्या भक्कम, न डगमगणाऱ्या पाटावर उजव्या पायाने उभे राहून भिंतीला हात टेकावा आणि डावी टाच सावकाश जमिनीला लावून परत वर यावे. हे आरशासमोर करावे, कारण गुडघा आत झुकत असेल तर तो तिथे लगेच दिसतो. व्यायामात किंचित दुखले तरी हरकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेले असेल, तर प्रमाण कमी करावे. फरक पडायला साधारणपणे दीड ते तीन महिने लागतात. चढाकडे परततानाही आधी आठवड्यातून एकदाच जावे आणि उतरताना पावले आखूड टाकावीत.

गुडघा सुजला, लाल व गरम झाला, अडकू लागला, अचानक लचकू लागला किंवा रात्री झोपेतही दुखू लागला, तर व्यायाम थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : नी-कॅप कायम घालावी का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : नको. चालताना आधार वाटत असेल तर तेवढ्यापुरती घालावी. तिने स्नायू बळकट होत नाहीत. वाटीला फिजिओथेरपिस्टकडून लावून घेतलेल्या टेपनेही काही काळ आराम पडतो, आणि त्या काळात व्यायाम करणे सोपे जाते.