दोनशे मिनिटांत तुझी किती?

चिरंजीव,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. तीन कॉलेजांनी त्यांच्या बास्केटबॉल संघासाठी विचारलंय. त्यातल्या डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज-खेळातल्या सगळ्यांत वरच्या गटाच्या, कॉलेजावर तू पानभर लिहिलंस आणि डिव्हिजन टू आणि थ्रीच्या बाकी दोघांना मिळून एक ओळ दिलीस. साहजिक आहे. लहानपणी पुण्याहून आलेल्या आणि इथे न्यू जर्सीत येऊन पहिल्यांदा बास्केटबॉल हातात घेतलेल्या मुलाला डिव्हिजन वनचा कोच फोन करतो, याचा मलाही अभिमान वाटतो. पण हो म्हणण्याआधी कॉलेजचं नाव बाजूला ठेव आणि त्यांचं रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, उघडून बस. पंगतीत जागा मिळाली म्हणजे पान वाढलं जातंच असं नाही.

कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा आणि मैदानावर पाच जण. जादा वेळ सोडला तर कोचकडे वाटायला बरोबर २०० मिनिटं असतात. तो कितीही चांगला माणूस असो, २०१ वं मिनिट त्याच्याकडे नाही. मागच्या मोसमाचे बॉक्स स्कोअर, म्हणजे प्रत्येक सामन्याचे खेळाडूवार आकडे, कॉलेजच्या साइटवर मिळतात. एक मोठा कागद घे. प्रत्येक खेळाडूपुढे पोझिशन, उंची, वर्ष आणि सरासरी मिनिटं लिही. सीनियर, म्हणजे शेवटच्या वर्षाचे, असतील त्यांच्यावर काट मार. मग उरलेल्यांत तुझी जागा शोध. समजा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा, ३३ मिनिटं खेळतो आणि अजून सोफोमोर, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, आहे. म्हणजे त्याच्यामागे उरली सात. ती सात आज कोण खेळतो, तो पुढच्या वर्षी कुठे असेल, आणि तुझ्या बॅचमध्ये त्यांनी आणखी किती गार्डांना ऑफर दिल्यात? ही उत्तरं कोणी आपणहून सांगत नाही, पण विचारली तर चांगला कोच लपवत नाही.

हे गणित हल्ली अवघड झालंय. पूर्वी डिव्हिजन वनमध्ये पुरुष संघाला १३ स्कॉलरशिप आणि त्यावर काही वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय खेळणारे, असा पंधराच्या पुढे जाणारा संघही चालायचा. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या ‘हाऊस’ खटल्यातला समझोता मंजूर केला. त्यात सामील झालेल्या कॉलेजांना आता स्कॉलरशिपची मर्यादा नाही, पण संघच १५ जणांचा. ज्यांना स्कॉलरशिप मिळते त्यांच्यासाठी हे बरं झालं. तुला मात्र त्यांनी ‘प्रेफर्ड वॉक-ऑन’ म्हटलंय, म्हणजे संघात जागा पण पैसे नाहीत, आणि दार अरुंद झालंय ते नेमकं याच लोकांसाठी. ते कॉलेज समझोत्यात आहे की नाही, हे पुढच्या फोनवर पहिलं विचार.

दुसरी गोष्ट ट्रान्स्फर पोर्टलची, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीची. ते २०१८ साली सुरू झालं. २०२१ पासून पहिल्या बदलीनंतर वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, आणि २०२४ पासून अभ्यासात पात्र असेल त्याला कितीही वेळा बदलता येतं. आता कोचच्या खुर्चीत बसून बघ. गार्डची एक जागा रिकामी आहे. एकीकडे तू, अठरा वर्षांचा. दुसरीकडे बावीस वर्षांचा, तीन मोसम कॉलेज खेळून अंगाने भरलेला मुलगा, ज्याचं सगळं फिल्म उपलब्ध आहे. नोकरी टिकवायची असलेला कोच कोणाला घेईल? हायस्कूलमधून थेट येणाऱ्यांच्या जागा यामुळेच आटल्यात. ते मनाला लावून घेऊ नकोस.

संघाला काय हवंय हे कोच ओळखतो तेव्हा काय होतं, याचं उदाहरण आपल्याच जर्सीत आहे. टीनेकच्या फेअरली डिकिन्सनने २०२१-२२ च्या मोसमात ४ सामने जिंकले आणि २२ हरले. नवा कोच टोबिन अँडरसन आला तो न्यूयॉर्कमधल्या स्पार्किलच्या सेंट थॉमस अक्वायनस या डिव्हिजन टूच्या कॉलेजातून, आणि येताना तिथले तीन खेळाडू घेऊन आला: डिमीट्री रॉबर्ट्स, ग्रँट सिंगलटन, शॉन मूर. रॉबर्ट्स पाच फूट आठ इंच. पूर्ण संघ डिव्हिजन वनमध्ये सगळ्यांत बुटका. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत याच संघाने पहिल्या मानांकनाच्या पर्ड्यूला ६३-५८ हरवलं. समोर सात फूट चार इंचांचा झॅक ईडी होता. त्याच्या पुढून-मागून माणसं उभी करून त्याच्याकडे चेंडू सहज जाऊ दिला नाही, आणि पर्ड्यूच्या गार्डांना मैदानभर दाबून ठेवलं. मूरने १९ गुण केले. रिक्रूटिंगच्या याद्यांमध्ये या तिघांना कोणी वर ठेवलं नव्हतं, पण अँडरसनला जे दाबाचं बास्केटबॉल खेळायचं होतं त्यात ते मुरलेले होते. यादीत त्यांच्या वर असलेला एखादा उंच, संथ खेळाडू त्या संघात बेंचवरच राहिला असता.

त्याची पुढची हकीकतही ऐक. त्या विजयानंतर काही दिवसांतच अँडरसन आयोनाला गेला. आदल्या वर्षी जर्सी सिटीच्या सेंट पीटर्सने केंटकीला हरवून त्याच स्पर्धेत शेवटच्या आठांत धडक मारली. पंधराव्या मानांकनाच्या संघाला तोवर ते कधीच जमलं नव्हतं. तिथला कोच शाहीन हॉलोवे लगेच सीटन हॉलला गेला आणि त्याचे मुख्य खेळाडू वेगवेगळ्या कॉलेजांत पांगले. तेव्हा कोचवर जीव जडला तरी एक प्रश्न स्वतःला विचार: उद्या हा गेला, तर या कॉलेजात, या वर्गांत, या गावात चार वर्षं राहायला मला आवडेल का?

आता तुझ्या खेळाबद्दल. तू स्वतःला पॉइंट गार्ड म्हणतोस. हायस्कूलमध्ये आहेसही. पण डाव्या हाताने आत शिरताना तुझा चेंडू कमरेच्या वर उसळतो. कॉलेजचा गार्ड तो काढून घेईल. तुझी ताकद दुसरीकडे आहे: कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट, आणि स्क्रीनवरून, म्हणजे वाट अडवून उभ्या खेळाडूला चुकवत, आपल्या माणसामागे चिकटून राहणं. म्हणजे चेंडू सांभाळणारा मुरलेला गार्ड ज्यांच्याकडे आहे आणि त्याच्या शेजारी शूट करणारा, बचाव करणारा कोणी नाही, अशा संघात तू बसतोस. डावा हात सुधारेलच, पण त्याच्या भरवशावर कॉलेज निवडायचं नाही.

पाठवलेला हायलाइटचा व्हिडिओ छान आहे, तरी कोच लोकांना पूर्ण सामना हवा असतो. मी तुझा तो शेवटचा सामना पूर्ण बघितला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये अर्ध्या मैदानावर तुझ्या हातून चेंडू गेला. तू हात वर करून रेफरीकडे बघितलं नाहीस. सरळ वळलास, पूर्ण धावलास आणि त्या मुलाचा लेअप बोर्डला लागायच्या आत बोटांनी बाहेर ढकललास. नंतर कोचने बाहेर घेतलं, तर बेंचच्या टोकाला न जाता असिस्टंटच्या शेजारी बसून त्याचं ऐकत होतास. यातलं काहीही तू व्हिडिओत ठेवलं नाहीस. तो लेअपचा तुकडा सगळ्यांत आधी टाक.

वरुण राम तुझ्या बाबांना आठवत असेल. पाच फूट नऊ इंचांचा, भारतीय वंशाचा हा गार्ड आधी ट्रिनिटीत, डिव्हिजन थ्रीमध्ये खेळला, मग मेरीलँडला वॉक-ऑन म्हणून गेला. मार्च २०१५ मध्ये व्हॅल्परायझोविरुद्ध मेरीलँड तीन गुणांनी पुढे असताना शेवटच्या बचावासाठी कोचने त्याला मैदानात पाठवलं आणि त्याने समोरच्याला शॉट घेऊ दिला नाही. ६५-६२. त्याला बोलावलं कारण ते एक काम संघात त्याच्याकडूनच खात्रीने होणार होतं. वाट खालून वर जाते याचा हा पुरावा आहे. मात्र अशी संधी प्रत्येक वॉक-ऑनला मिळते असं समजू नकोस.

पैशांचं थोडक्यात. डिव्हिजन टूच्या संघाकडे पुरुषांसाठी १० पूर्ण स्कॉलरशिपइतकी रक्कम असू शकते आणि ती तुकड्यांत वाटतात. तुला अर्धी सांगितली आहे. डिव्हिजन थ्री खेळासाठी पैसे देत नाही, अभ्यासातल्या गुणवत्तेवर किंवा घरच्या गरजेवर देतं. तू एच-फोरवर, म्हणजे पालकांच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असल्यामुळे सरकारी फेडरल मदत मिळणार नाही, आणि नाव-छायाचित्र जाहिरातींना वापरू देण्याच्या करारातून तुझे मित्र कमावतात तसं तुला या व्हिसावर इथे कमावता येणार नाही. एकविसाव्या वर्षी व्हिसा बदलावा लागेल, तेही आत्ताच डोक्यात ठेवा. असा कुठलाही कागद पुढे आला तर बाबांना आधी इमिग्रेशन वकिलाला दाखवू दे. तोंडी ऑफर दोघांनाही बांधून ठेवत नाही; सही झालेला आर्थिक मदतीचा करार तेवढा खरा. आणि डिव्हिजन वनच्या पात्रतेसाठी लागणाऱ्या १६ कोअर (मुख्य अभ्यासाच्या) विषयांपैकी १० बारावी सुरू होण्याआधी पुरे झालेत ना, ते शाळेच्या काउन्सेलरकडून लिहून घे.

माझं मत विचारलंस म्हणून सांगतो: माझा कल डिव्हिजन टूकडे आहे. त्यांचे दोन गार्ड या वर्षी संपतायत, जो राहतोय तो चेंडू सांभाळणारा आहे, आणि हेड कोच स्वतः तुझ्या शाळेच्या जिममध्ये येऊन बसला होता. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने डिव्हिजन थ्रीचं कॉलेज त्याहून सरस आहे, म्हणून त्यांना नाही म्हणायची घाई करू नकोस. डिव्हिजन वनचा विचार त्यांनी रोस्टरबद्दल सरळ उत्तर दिल्यावरच.

भेटीला जाशील तेव्हा सराव बघायची परवानगी माग. जेवताना तुझ्या पोझिशनचा राखीव खेळाडू गाठ, स्टार नको. त्याला मागच्या वर्षी काय सांगून आणलं होतं आणि प्रत्यक्षात किती मिनिटं मिळाली, ते विचार. तिन्ही संघांचे कागद शुक्रवारपर्यंत मला पाठव. रविवारी सकाळी फोन करतो, तेव्हा आई-बाबांनाही बसव.

तुझा,
काका